फवारणी पिकाची, काळजी माणसाची



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. या तीन महिन्यांत रविवारची सुट्टी आली की आम्ही नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील कोणत्या तरी गावच्या विहारात जातो. ग्रंथवाचनाला महिला मंडळ असते, वयस्कर मंडळी असतात, शाळकरी मुले असतात. तरुण मात्र फारसे दिसत नाहीत. विचारले की उत्तर मिळते, "फवाऱ्यावर गेलेत." वर्षावासाचे हेच तीन महिने सोयाबीन, कापूस आणि तुरीवरच्या फवारणीचे असतात.

कंधार तालुक्यातील एका गावी घडलेला प्रसंग सांगतो. वंदना नुकतीच संपली होती. एक माता धावत विहारात आली. "भाऊ, पोराला बघा हो. मघापासून उलट्या करतंय. ऊन लागलंय म्हणून लिंबूसरबत पाजलं, तरी थांबेना." आम्ही चौघे-पाच जण घरी गेलो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा ओट्यावर पडलेला. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातापायांचे स्नायू थरथरत होते. डोळ्यांपुढे धुके आले म्हणत होता. सकाळपासून तो दुसऱ्याच्या कपाशीत पंप मारत होता. कपाशी छातीइतकी वाढलेली, पंप पेट्रोलचा. सदरा औषधाने भिजला म्हणून त्याने तो काढून टाकला आणि उघड्या अंगाने पुढचे तास काढले.

जीप मिळवून त्याला तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कोणतं औषध मारत होता?" कोणालाच सांगता येईना. मालकाने घागरीत तीन बाटल्या ओतल्या होत्या, एवढेच मुलाला ठाऊक. एकाला मोटारसायकलवर परत शेतात पाठवले. बांधावरच्या रिकाम्या बाटल्या घेऊन तो येईपर्यंत दीड तास गेला. मुलगा वाचला. पण त्या दीड तासात त्याच्या आईच्या तोंडाकडे आम्हाला बघवत नव्हते. म्हणून या वेळचे सदर फवारणीवर लिहीत आहोत. आमच्या घराघरांतून पंप पाठीवर घेणारे हात निघतात. कोणी दोन एकराचे मालक, कोणी सालगडी, कोणी रोजाने जाणारे. शेत कोणाचेही असो, पाठ आमची असते.

यवतमाळचा धडा

२०१७ सालच्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते विसरता येणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. काहींची दृष्टी काही काळ गेली होती. मेलेल्यांमध्ये शेतमालक होते, तसेच रोजाने फवारणीला गेलेले मजूरही होते. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

असे का झाले? कारणे अनेक होती. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली गेली. पीक माणसाच्या छातीपर्यंत, डोक्यापर्यंत वाढले होते, त्यामुळे तुषार अंगावर, तोंडावर येत होते. फार बारीक तुषार उडवणारे पंप आले होते. हवा दमट आणि उष्ण होती. आणि अंगावर संरक्षण म्हणून काहीच नव्हते. यातली प्रत्येक गोष्ट नांदेडला, लातूरला आजही घडू शकते.

यातले एक औषध मोनोक्रोटोफॉस. २०२३ साली केंद्र सरकारने त्याचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा आदेश काढला. कोणाच्या कोठ्यात जुनी बाटली उरली असेल तर "पैसे दिलेत, वाया कशाला घालवायचे" म्हणून ती वापरू नये.

आपल्या बोलीतच एक घोळ आहे. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध म्हटले की थोडे जास्त झाले तरी काय बिघडते, असे वाटते. वस्तुतः ते विष आहे. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटीचे चित्रही असते. त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. अक्षरओळख नसलेल्या मायबहिणीलाही हा रंग ओळखता येतो. तो घरातल्या प्रत्येकाला शिकवा.

पंचशील आणि अळी

एका विहारात एका आजोबांनी आम्हाला विचारले, "दादा, प्राणिहिंसा न करण्याचं शील आपण रोज घेतो. मग अळ्या मारायच्या का नाही?" प्रश्न रास्त होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार मांडताना गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याच्या इच्छेने केलेली हत्या यांत फरक केला आहे. पोराबाळांच्या तोंडचा घास अळी खात असेल तर तिला आवरणे ही गरज. पण शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारायचे, कीड दिसली नाही तरी दर पंधरा दिवसांनी डब्बा उचलायचा, ही गरज नव्हे. त्यात मधमाशा मरतात, अळी खाणारे मित्रकीटक मरतात, पैसा जातो आणि माणूसही जातो.

गंमत अशी की शेतीशास्त्रही हेच सांगते. त्याला ते 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात. कीड त्या पातळीच्या वर गेली तरच फवारणी परवडते. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले, किंवा शंभर फुलां-बोंडांपैकी दहांत अळी दिसली, तर फवारणीची वेळ आली असे समजावे. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन घाटेअळ्या दिसल्या की पातळी गाठली. म्हणजे फवारणीच्या आधीचे काम पंपाचे नाही, डोळ्यांचे आहे. आठवड्यातून दोनदा शेतात फिरावे, पाने उलटून पाहावीत.

रोग आणि कीड यांतही फरक करावा. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन पिवळे पडले. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. एकदा रोग लागलेले झाड कोणत्याही फवाऱ्याने बरे होत नाही. सुरुवातीलाच अशी झाडे उपटून नष्ट करायची आणि पांढरी माशी आवरायची. हरभऱ्याचा मर रोग जमिनीतून येतो. वरून पानांवर बुरशीनाशक मारून तो थांबत नाही, पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावा लागतो. ज्याला रोग आणि कीड वेगळी ओळखता येते, त्याचा निम्मा खर्च वाचतो.

पहिली फवारणी शक्यतो पाच टक्के निंबोळी अर्काची करावी. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा भिजवावा. सकाळी निंबोळीचा अर्क फडक्याने गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण शंभर लिटर पाणी करावे. लहान अळ्या, मावा, पांढरी माशी यांवर तो चालतो. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी गोळा करून ठेवाव्यात, हे काम बचत गटाच्या भगिनी सहज करू शकतात. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे लाकडी पक्षिथांबे उभे करावेत. साळुंकी, कोतवाल त्यांवर बसतात आणि अळ्या टिपतात. त्यांना मजुरी द्यावी लागत नाही!

हिशेब एका गुंठ्याचा

आम्ही कारकुनी पेशातले, हिशेबाशिवाय आम्हाला चैन पडत नाही. फवारणी वाया जाते ती बहुतेक वेळा हिशेब चुकल्यामुळे. "एका पंपाला एक झाकण" हा आपल्याकडचा हिशेब. पण झाकण कोणत्या बाटलीचे आणि पंप कोणता?

सोपी रीत अशी. पंपात नुसते पाणी मापून भरा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद असा एक गुंठा मोजा आणि नेहमीच्या चालीने त्यावर फवारा. किती पाणी लागले ते पाहा. समजा, हातपंपाने पाच लिटर लागले. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकराला दोनशे लिटर. पंधरा लिटरचा पंप असेल तर एकराला तेरा पंप आणि वर थोडे. माहितीपत्रकावर एकरी शंभर मिलिलिटर औषध लिहिले असेल तर एका पंपाला साडेसात मिलिलिटर येते.

आता तोच गुंठा पेट्रोल पंपाने फवारला आणि दोनच लिटर पाणी लागले असे समजा. एकराला ऐंशी लिटर, म्हणजे साधारण सव्वापाच पंप. औषध मात्र एकरी तेवढेच, शंभर मिलिलिटर. म्हणून एका पंपाला जवळपास एकोणीस मिलिलिटर पडते. हे माप हातपंपात टाकले तर औषध अडीच पट होते. पीक करपते आणि मारणाऱ्याच्या अंगावर अडीच पट विष येते. उलट हातपंपाचे माप पेट्रोल पंपात टाकले तर अळी मरत नाही आणि आपण म्हणतो, "औषध डुप्लिकेट निघालं." माहितीपत्रकावर हेक्टरी प्रमाण असेल तर त्याला अडीचने भागावे, म्हणजे एकरी मिळते. पीक वाढले की पाणी जास्त लागते, तेव्हा गुंठ्याचा हिशेब पुन्हा करावा. घरात सातवी-आठवीतले लेकरू असेल तर हे गणित त्याच्याकडून करून घ्या. शाळेतले त्रैराशिक कशाला शिकलो ते त्यालाही कळेल.

आणखी काही गोष्टी. फवारणी सकाळी किंवा दुपार टळल्यावर करावी. भर उन्हात औषध उडून जाते आणि घामाने भिजलेली कातडी विष लवकर शोषून घेते. वारा जोराचा असेल किंवा पाऊस येण्यासारखा असेल तर थांबावे. वाऱ्याच्या तोंडावर चालू नये, आपल्या अंगावरून वारा पिकाकडे जाईल असे चालावे. किडी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून नोझल खालून वर धरावे. दोन-तीन औषधे स्वतःच्या मनाने मिसळू नयेत. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारू नये, किडीला त्याची सवय होते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला तरी कपाशीची पाने आकसतात.

अंगावर काय घालावे

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायघोळ पँट, डोक्याला टोपी किंवा रुमाल, नाका-तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि पायांत बूट. उकडते, हे आम्हालाही कळते. म्हणूनच सकाळची वेळ सांगितली. पाठीमागून गळणारा पंप तर पाठीवर घेऊच नये, कारण भिजलेल्या पाठीतून दिवसभर विष आत जाते. औषध हाताने ढवळू नये, काठीने ढवळावे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, पाण्याने धुवावे किंवा मऊ काडी, जुना दातांचा ब्रश वापरावा. आमच्या डोळ्यांसमोर शहाणीसुरती माणसे नोझल तोंडात धरून फुंकताना आम्ही पाहिली आहेत. फवारताना तंबाखू, बिडी, पाणी, भाकर काही नको. आधी साबणाने हात-तोंड धुवा, मग न्याहारी.

भगिनींसाठी दोन शब्द वेगळे. पाणी भरून आणणारी आणि फवाऱ्याचे कपडे धुणारी तुम्हीच असता. मालकांनी किंवा धन्यांनी अंगावर मोजे घातले, पण रात्री ते कपडे तुम्ही उघड्या हातांनी धुतले तर विष तुमच्या अंगात आले. हे कपडे वेगळे धुवा, लेकराच्या दुपट्याबरोबर एकाच बादलीत भिजवू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने औषधाजवळ जाऊ नये. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, डाळ ठेवू नका. कितीही धुतला तरी तो डबा विषाचाच. त्याला भोके पाडा, चेचा आणि विहीर, ओढा यांपासून दूर पुरा. उरलेले औषध कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली जबाबदार माणसाकडे द्या. घरात लेकरे असतात. कधी एखादे माणूस कर्जाने, भांडणाने खचलेलेही असते. हाताशी विष नसले तर वाईट घडी टळून जाते. असे खचलेले माणूस दिसले तर त्याच्याजवळ बसा, बोला, त्याला एकटे सोडू नका.

विषबाधा झाली तर

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उलटी, खूप घाम, लाळ, डोळ्यांना अंधुक दिसणे, स्नायू थरथरणे, दम लागणे ही लक्षणे आहेत. ऊन लागले असे समजून वेळ घालवू नका. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. लिंबू, दूध, तूप पाजून विष उतरत नाही. १०८ क्रमांकाला फोन करा. आणि कोणत्याही परिस्थितीत बाटली व माहितीपत्रक बरोबर न्या. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषावर अॅट्रोपीनचे इंजेक्शन असते, पण प्रत्येक विषाचा उतारा वेगळा. बाटली पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी तो ओळखायचा कसा?

हक्काची गोष्ट

तो मुलगा बरा होऊन घरी आला. मालकाने त्या दिवसाची अर्धी मजुरी दिली, कारण अर्धाच दिवस काम झाले! दवाखान्याच्या खर्चासाठी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. काही मदत मिळते का, म्हणून तो कागद घेऊन आमच्याकडे आला. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. जंतुनाशके हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर ती मदत देते. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. त्या मुलाच्या घरात सातबाराच नाही. तो जगला म्हणून मदत नाही, हे एक वेळ समजू. पण तो मेला असता तरी मिळाली नसती. त्याच शेतात, तेच विष, तोच पंप. मालक पडला तर कायद्याला दिसतो, मजूर पडला तर दिसत नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते याच प्रश्नासाठी. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे नाव कुठेच लागत नाही. ही योजना फवारणी करणाऱ्या भूमिहीन मजुरालाही लागू व्हावी, अशी मागणी आपल्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून पाठवावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी संरक्षक कपडे आणि प्रशिक्षण सांगितले आहे. तेव्हा मोजे आणि मुखपट्टी मागणे ही भीक नव्हे. आणि ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांनीही मजुराला उघड्या अंगाने पंप देऊ नये. आपलेही दोन-चार एकरांचे समाजबांधव मालक झाले आहेत. बाबासाहेबांच्या माणसाकडे काम करणारा मजूर असुरक्षित असेल तर आपण काय शिकलो?

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहार समितीने वर्गणीतून फवारणीच्या पोशाखाचे दोन-तीन संच घ्यावेत. मोजे, चष्मे, बूट विहारात ठेवावेत, ज्याला कामाला जायचे त्याने नोंद करून न्यावेत आणि धुऊन परत आणावेत. वर्षावासात एका रविवारी ग्रंथवाचनानंतर एखाद्या औषधाचे माहितीपत्रक मोठ्याने वाचावे. मराठीतला मजकूर इतका बारीक असतो की चष्मा लावूनही दिसत नाही, पण आपली मुले वाचतील. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ बोलवावेत. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे, बिलावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक असावा. तथागतांनी उपासकाला जे व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. तेव्हा विष विकणाऱ्याच्या सल्ल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, एवढे तरी आपण लक्षात ठेवू.

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो मुलगा विहारात बसला होता. "दादा, आता फवाऱ्याला जातो का नाही, ते विचारू नका. जावंच लागतं," तो म्हणाला. मग पिशवीतून रबरी मोजे काढून दाखवले. आईने आठवडी बाजारातून आणून दिले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!